श्यामची आई लिहिणाऱ्या साने गुरुजींचं विद्यार्थीपण आज मोजायचं ठरवलं तर...

तलवाडा. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं गाव. त्वरिता देवीच्या मंदिरामुळे ओळखलं जाणारं.

दसरा-दिवाळी झाली की या भागात दरवर्षी एक गोष्ट घडते. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पांघरुणं, कोयते चढवले जातात आणि ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. मागे राहतात घरातली म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. काही आजी-आजोबांकडे, काही हंगामी वसतिगृहात.

आता समजा, अशाच एका शाळेत नववीतला एक मुलगा आहे. डिसेंबर उजाडला की तो गप्प होतो. खेळायला जात नाही, मार्क घसरतात. मास्तर म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. आजी म्हणते, पोराला करमत नाही. मित्र म्हणतात, भाव खातोय.

तिघंही एकाच मुलाबद्दल बोलतायत. पण नक्की काय झालंय, किती झालंय आणि कशामुळे झालंय, हे तिघांनाही सांगता येत नाही.

हे मोजता येतं का?

तर येतं. विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि नैराश्याचा धोका मोजण्याचं एक शास्त्र आहे. त्यात कोणते प्रश्न विचारतात आणि का विचारतात, हे समजून घ्यायचं तर एका माणसाचं आयुष्य बघायला पाहिजे. तो माणूस आपल्या सगळ्यांना माहिती आहे. फक्त आपण त्याच्याकडे या नजरेनं कधी बघितलं नाही.

पांडुरंग सदाशिव साने. म्हणजे आपले साने गुरुजी.

पालगडचं घर आणि उतरती कळा

24 डिसेंबर 1899. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात पालगड नावाचं गाव आहे, तिथं पांडुरंगाचा जन्म झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. आजोबांच्या काळात घरची परिस्थिती चांगली होती. खोताचं घर, गावात मान.

पण सदाशिवरावांच्या काळात सगळं फिरलं. कर्ज वाढलं, जमीन गेली, राहतं घर हातातून गेलं. सदाशिवराव टिळकांना मानणारे होते, स्वदेशीच्या चळवळीत त्यांना तुरुंगवासही झाला. पोटाला चिमटा आणि मान खाली, अशा दोन्ही गोष्टी त्या घरानं एकदम बघितल्या.

आता मोजमापाच्या भाषेत याला काय म्हणतात?

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा कुठलाही सर्व्हे उघडा, पहिल्या पानावर घरच्या परिस्थितीचे प्रश्न असतात. आई-वडील काय करतात, घर स्वतःचं आहे का, कर्ज आहे का. हे प्रश्न फॉर्म भरायचा म्हणून विचारलेले नसतात. घरातली आर्थिक ओढाताण आणि मुलांच्या मनावरचा ताण यांचा संबंध जगभरातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.

त्यातही एक बारकावा आहे. फक्त गरिबी मोजून भागत नाही, घसरण मोजावी लागते. पहिल्यापासून पाच एकर असणाऱ्या घरातला मुलगा आणि पंधरा एकरांवरून पाच एकरांवर आलेल्या घरातला मुलगा, कागदावर दोघांची परिस्थिती सारखीच. पण दुसऱ्या घरात रोज संध्याकाळी सावकाराचा विषय निघतो आणि पोरगं ते कोपऱ्यात बसून ऐकत असतं. ज्या प्रश्नावलीत घसरणीचा प्रश्न नाही, तिला हा फरक सापडत नाही.

दापोली, औंध, पुणे : चार गावं आणि एक उपाशी पोरगा

पांडुरंगाची प्राथमिक शाळा पालगडला झाली. मग त्याला पुण्याला मामाकडे पाठवलं. तिथं त्याचा जीव रमला नाही, तो परत आला. त्यानंतर दापोलीच्या मिशन शाळेत नाव घातलं. इथं मात्र त्याची हुशारी दिसायला लागली. मराठी आणि संस्कृत उत्तम, कवितांचं वेड.

पण घरून पैसे येणं अवघड होत गेलं. अशात एका मित्राकडून कळलं की औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची आणि जेवणाची सोय होते. पांडुरंग औंधला गेला. तिथंही हाल संपले नाहीत. आणि थोड्याच दिवसांत औंधमध्ये प्लेगची साथ आली. विद्यार्थ्यांना घरी पाठवलं, पांडुरंग पुन्हा पालगडला.

शेवटी तो पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात दाखल झाला. इथं शिक्षण होतं, पण दोन वेळच्या जेवणाची खात्री नव्हती.

थोडक्यात काय, तर मॅट्रिक होईपर्यंत या मुलानं चार गावं बदलली. प्रत्येक ठिकाणी नवी शाळा, नवे मित्र, नवी खोली, नवी लाज.

आजच्या सर्व्हेत याचे तीन वेगवेगळे रकाने होतात.

एक, भूक. गेल्या महिन्यात कधी जेवण न मिळाल्यानं उपाशी झोपावं लागलं का, असा प्रश्न शाळकरी मुलांच्या आरोग्य सर्व्हेत विचारला जातो. आपल्याला वाटेल, भूक हा पोटाचा विषय. पण उपाशी मुलाची झोप, एकाग्रता आणि चिडचिड यांवर परिणाम होतो. आणि याच तीन गोष्टी नैराश्याच्या लक्षणांतही येतात.

दोन, जागा बदलणं. किती शाळा बदलल्या, घरी राहतोस की होस्टेलवर, पालक वर्षातले किती महिने जवळ असतात.

तीन, आधार. अडचण आली तर कुणाला सांगशील? या प्रश्नाचं उत्तर कुणालाच नाही असं असेल, तर अभ्यासकांचे कान टवकारतात. कारण बाकी सगळं सारखं असताना, सांगायला एक माणूस असणं आणि नसणं यानं मोठा फरक पडतो.

बीड जिल्ह्यात या तिन्ही रकान्यांना वेगळंच वजन आहे. ऊसतोडीच्या हंगामात मूल आई-वडिलांबरोबर फडावर गेलं तर शाळा तुटते, मागे राहिलं तर आई-बाप तुटतात. म्हणूनच हंगामी वसतिगृहं निघाली आणि 2021 साली राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली. पण वसतिगृहात ताट मिळालं म्हणजे माणूस मिळाला असं होत नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

वडिलांचं ते बोलणं

प्लेगमुळे पांडुरंग औंधहून घरी परतला, तेव्हाची एक घटना आहे.

त्याच्या कानावर आई-वडिलांचं बोलणं पडलं. पोराचं खरंच शिक्षणात मन आहे का, अशी शंका वडिलांनी बोलून दाखवली होती. पांडुरंगाला ते लागलं. इतकं लागलं की तो लगेच पुण्याला निघाला. नूतन मराठी विद्यालयात नाव घातलं ते या घटनेनंतर.

आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण तिला दुसरी बाजू आहे. ज्या बापानं पोटाला चिमटा काढून शिकवायचं ठरवलं त्यालाच आपल्यावर भरवसा नाही, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किती जड जात असेल?

आज हे मोजतात. पालकांच्या अपेक्षा, परीक्षेची भीती, नापास झालो तर घरी काय होईल याची धास्ती, यासाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. एनसीईआरटीनं 2022 च्या जानेवारी ते मार्च या काळात देशभरातल्या सुमारे 3 लाख 79 हजार शाळकरी विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला होता. त्यात 81 टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव घेतलं.

आणि हा आकडा वाचून फक्त कोटा किंवा लातूरच्या क्लासवाल्या पोरांचा विचार करू नका. ज्या घरात शिकणारं पहिलंच पोरगं आहे, ज्याच्या फीसाठी उचल घेतलीय, त्याला नापास होण्याची मुभाच नसते. त्याच्यावर घरचं कुणी ओरडत नाही. त्याला नुसते आईच्या हातावरचे कोयत्याचे वण दिसतात, तेवढं पुरतं.

1917 : जी भेट झालीच नाही

पांडुरंग पुण्यात शिकत असताना 1917 साली यशोदाबाई गेल्या. औषधपाणी नीट झालं नाही. आणि शेवटच्या वेळी पांडुरंग आईजवळ पोहोचू शकला नाही.

ही सल त्यांना आयुष्यभर राहिली. पुढे सोळा वर्षांनी तीच सल कागदावर उतरली, त्याबद्दल पुढे येईलच.

जवळचं माणूस जाणं, विशेषतः लहान वयात आई किंवा वडील जाणं, हा घटक आयुष्यातल्या आघातांच्या यादीत फार वरचा असतो. 1998 साली अमेरिकेत या विषयावरचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना लहानपणी भोगलेल्या त्रासांबद्दल विचारलं होतं : मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन, घरातल्या कुणाचा मानसिक आजार वगैरे. मग त्यांचं मोठेपणीचं आरोग्य तपासलं. त्यात दिसलं की अशा अनुभवांची संख्या जितकी जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा धोका जास्त.

म्हणजे धोका पायरीपायरीनं चढतो. एक घाव सोसला जातो. त्यावर दुसरा, तिसरा, चौथा बसत गेला की गणित बदलतं. पांडुरंगाच्या खात्यात वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी गरिबी, घर जाणं, भूक, वारंवार शाळा बदलणं, साथीचा रोग आणि आईचा मृत्यू, एवढं सगळं जमा होतं.

मग तो मोडला का नाही?

इथंच खरा मुद्दा आहे.

पांडुरंग 1918 साली मॅट्रिक झाला. न्यू पूना कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या एस. पी. कॉलेजमध्ये गेला. मराठी आणि संस्कृत घेऊन पदवी मिळवली, पुढे एम. ए. झाला. तत्त्वज्ञानाच्या ओढीनं अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात पोहोचला.

धोक्याचे एवढे घटक असून हे कसं जमलं? कारण वहीच्या दुसऱ्या पानावरही काही नोंदी होत्या. आईशी असलेलं घट्ट नातं. औंधचा रस्ता दाखवणारा मित्र. वाचनाचं आणि कवितेचं वेड. दापोलीच्या शाळेत हुशार म्हणून मिळालेली ओळख. आणि आपल्या शिकण्याला काहीतरी अर्थ आहे हा विश्वास.

यांना संरक्षक घटक म्हणतात. चांगला सर्व्हे फक्त दुखणी मोजत नाही, हेही मोजतो. शाळेत तुला नावानं ओळखणारा एक तरी शिक्षक आहे का? जिवाभावाचा एक तरी मित्र आहे का? मन रमेल असं काही तू करतोस का?

म्हणून धोका या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. धोका जास्त म्हणजे नैराश्य येणारच असं नाही. धोका कमी म्हणजे येणारच नाही असंही नाही. आभाळ भरून आलं की पावसाची शक्यता वाढते, पण प्रत्येक भरलेलं आभाळ बरसत नाही. हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

अमळनेरचं होस्टेल

1924 साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. शिक्षक म्हणून त्यांनी जेमतेम सहा वर्षं काम केलं, पण गुरुजी हे नाव कायमचं चिकटलं ते या सहा वर्षांमुळे.

होस्टेलचा रेक्टर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर छडी येते. गुरुजी पोरांच्या खोल्या स्वतः आवरायचे. आजारी पोराच्या उशाशी बसायचे. विद्यार्थ्यांसाठी हातानं लिहून छात्रालय नावाचं दैनिक काढायचे. 1928 साली त्यांनी विद्यार्थी नावाचं मासिक सुरू केलं.

आता याकडे मोजमापाच्या नजरेनं बघा. रोज खोलीत जाणाऱ्या माणसाला काय दिसतं? कुणाचं अंथरूण दिवसभर पडून आहे. कुणाचं ताट अर्धं राहतंय. कोण रात्री उशिरापर्यंत जागा आहे. कोण आठवडाभर कुणाशी बोललेला नाही. झोप, भूक, थकवा, एकटेपणा. आज प्रश्नावलीत ज्या गोष्टी विचारतात, त्या गुरुजींना नुसत्या फेरफटक्यात दिसत होत्या. घरापासून तुटलेलं उपाशी पोरगं कसं दिसतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

त्या काळात मन मोजण्याची सुरुवात झाली होती, पण ती वेगळ्या कामासाठी. फ्रान्समध्ये 1905 साली बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली होती. पुढे 1930 च्या दशकात धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. म्हणजे पोरगं किती हुशार आहे हे मोजायला मराठीत साधन आलं होतं. पोरगं किती दुःखी आहे, हे मोजायला काही नव्हतं.

मग उदासी मोजायची पट्टी आली कधी?

1960 साली ब्रिटनमध्ये मॅक्स हॅमिल्टन यांनी नैराश्याची तीव्रता मोजणारी मोजपट्टी मांडली. ती डॉक्टरनं भरायची असायची. 1961 साली अमेरिकेत अॅरन बेक यांनी रुग्णानं स्वतः भरायची प्रश्नावली आणली. आणि 2001 साली आली पीएचक्यू-9, जी आज जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक आहे. ती मराठीतही आहे.

तिचं काम सोपं आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न. कशात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थता, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल.

प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण. अजिबात नाही म्हणजे 0, जवळजवळ रोज म्हणजे 3. एकूण 27. बेरीज 5 किंवा जास्त आली की सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून मध्यम ते तीव्र आणि 20 पासून तीव्र लक्षणं धरतात.

पण इथं थांबा. बेरीज म्हणजे निदान नाही.

एक हिशोब करून बघू. समजा एका शाळेत 300 विद्यार्थी आहेत आणि त्यांतल्या 20 जणांना खरोखर नैराश्य आहे. आपली प्रश्नावली चांगली आहे, ती 20 पैकी 17 जणांना बरोबर पकडते. उरलेल्या 280 पैकी फक्त दहा टक्के, म्हणजे 28 जणांना चुकून पकडते. आता यादीत नावं किती आली? 45. त्यांतली खरी 17.

म्हणजे यादीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना नैराश्य नाही. आणि तीन मुलं यादीच्या बाहेरच राहिली. म्हणून प्रश्नावली ही चाळणी आहे. चाळून झाल्यावर माणसानं माणसाशी बोलावंच लागतं. ती यादी नोटीस बोर्डावर लावणं किंवा पालक सभेत वाचून दाखवणं हा तर गुन्ह्याइतकाच वाईट प्रकार.

कारण शोधणं त्याहून अवघड

किती हे कळलं. आता कशामुळे?

समजा सर्व्हेत दिसलं की वसतिगृहातल्या मुलांची बेरीज घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. लगेच म्हणायचं का, वसतिगृह वाईट? नाही. कारण वसतिगृहात मुळात जातं कोण? ज्याचे आई-वडील फडावर गेलेत, ज्याच्या घरी अडचण आहे तो. त्रास वसतिगृहामुळे आहे की घरच्या ओढाताणीमुळे, हे बघायचं तर सारख्याच परिस्थितीतल्या मुलांची तुलना करावी लागते. एक वसतिगृहातला, एक आजीकडे राहिलेला.

दुसरा घोळ म्हणजे आधी काय? मार्क कमी पडले म्हणून पोरगं उदास आहे, की उदास आहे म्हणून मार्क कमी पडले? एकदाच विचारून हे कळत नाही. त्याच मुलांना काही महिन्यांनी पुन्हा विचारावं लागतं.

आणि बीडसारख्या जिल्ह्यात तर विचारायचा महिनाही महत्त्वाचा. जुलैमध्ये विचारलं तर आई-बाप गावातच असतात. जानेवारीत विचारलं तर ते दुसऱ्या जिल्ह्यात कोप्यांवर. एकाच मुलाचं उत्तर दोन्ही वेळा सारखं येईल का?

तिसरी गोष्ट भाषेची. नैराश्य हा शब्द आपल्याकडे पोरं वापरतच नाहीत. करमत नाही, जीव घाबरतो, डोकं जड पडतं, कशात मन लागत नाही, असं बोलतात. पुस्तकी मराठीतला प्रश्न समजलाच नाही तर पोरगं शून्याला खूण करून मोकळं होतं. आणि वर्गशिक्षक डोक्याशी उभे राहून पेपर गोळा करणार असतील, तर खरं कोण लिहिणार?

सगळ्यांचा आधार झालेला माणूस

परत गुरुजींकडे येऊ.

1930 साली त्यांनी नोकरी सोडली आणि सविनय कायदेभंगात उडी घेतली. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते दक्षिणेतल्या कैद्यांमध्ये राहिले, तिथं परक्या भाषांची गोडी लागली आणि पुढे आंतरभारतीची कल्पना रुजली.

आणि नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी श्यामची आई लिहून काढलं. आईची राहिलेली भेट त्यांनी अशी पूर्ण केली, असं म्हणायला हरकत नाही. मनातलं लिहून काढल्यानं भार हलका होतो, हे पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून तपासलं. आचार्य अत्र्यांनी 1953 साली त्यावर सिनेमा काढला आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याच सिनेमाला मिळालं.

पुढची वर्षं धावपळीची. खानदेशातले शेतकरी आणि कामगार, 1942 चं आंदोलन, भूमिगत जीवन. मे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं, आणि मंदिर खुलं झालं. 1948 साली गांधीजींची हत्या झाली. गुरुजी कोसळले, त्यांनी 21 दिवसांचा उपवास केला. 15 ऑगस्ट 1948 ला साधना साप्ताहिक सुरू केलं.

बाहेरून बघणाऱ्याला दिसत होता तो सतत लिहिणारा, फिरणारा, दुसऱ्यांचे डोळे पुसणारा माणूस. पण आत ज्या देशाचं स्वप्न बघितलं तो असा का झाला, ही निराशा साठत होती.

11 जून 1950 रोजी मुंबईत साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय होतं 50.

गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत या मृत्यूला अनेकांनी अनेक अर्थ दिले. कुणी देशाच्या स्थितीकडे बोट दाखवलं, कुणी अति हळव्या स्वभावाकडे. पण आत्महत्येला एकच कारण कधीच नसतं, हे आजचं शास्त्र सांगतं. अनेक धागे एकत्र पिळले जातात. आणि हेही सांगतं की ती अटळ नसते. योग्य वेळी विचारपूस, उपचार आणि सोबत मिळाली तर माणूस त्या घडीतून बाहेर येतो. 1950 साली नैराश्यावरची आजच्यासारखी औषधं आलेली नव्हती, मोजपट्टी नव्हती, आणि मनाच्या दुखण्याला आजार म्हणायची आपल्याकडे पद्धतही नव्हती.

मेलेल्या माणसाच्या हातात प्रश्नावली देता येत नाही, त्यामुळे गुरुजींना कोणता आजार होता हे ठरवायच्या भानगडीत आपण पडू नये. पण एक गोष्ट मात्र घ्यावी. सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या माणसाचीही कुणीतरी विचारपूस करायला हवी असते. वर्गातल्या हसऱ्या, समजूतदार, दुसऱ्याला मदत करणाऱ्या पोराकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी जातं.

आज काय हाताशी आहे?

परिस्थिती गंभीर आहे, यात वाद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. निमहान्सनं केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. म्हणजे 60 च्या वर्गात चार पोरं.

पण गुरुजींच्या काळात नव्हतं ते बरंच काही आज आहे. मराठीत प्रश्नावल्या आहेत, औषधं आहेत, बोलून केले जाणारे उपचार आहेत. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. 14416 हा नंबर, फुकट, दिवसरात्र, मराठीतही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी काळजी आणि उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

आणि एक भीती मनातून काढून टाका. मरणाचे विचार येतात का, असं विचारल्यानं ते विचार डोक्यात घुसत नाहीत. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट, विचारलं म्हणून कुणाला तरी पहिल्यांदा सांगता येतं. फक्त विचारणाऱ्यानं उत्तर आल्यावर पळून जायचं नसतं. त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना विश्वासात घ्यायचं आणि डॉक्टरपर्यंत पोहोचवायचं.

आता सुरुवातीच्या त्या नववीतल्या मुलाकडे परत या. मास्तर, आजी आणि मित्र, तिघांकडे एकेक तुकडा आहे. मास्तरांना मार्क दिसतात, आजीला न संपलेलं ताट दिसतं, मित्रांना त्याचं खेळायला न येणं दिसतं. हे तीन तुकडे कुणीतरी एकत्र जोडले आणि त्याला शेजारी बसवून विचारलं, तर अर्धं मोजमाप तिथंच होतं. उरलेलं अर्धं डॉक्टर करतील.

अमळनेरच्या होस्टेलमध्ये शंभर वर्षांपूर्वी एक मास्तर हेच करत होते. रोज खोलीत जायचे आणि बघायचे, कुणाचं ताट अर्धं राहिलंय.

आणि हे वाचताना तुम्हालाच स्वतःची आठवण झाली असेल, गेले दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर 14416 वर फोन करा. किंवा आज रात्री घरातल्या एका माणसाला सांगा. एवढ्यानं सुरुवात होते.